लिफ्टमधल्या गुदगुल्या

टॉर्च बंद कर रे, डोळ्यांवर येतोय. आणि मधेमधे फिदीफिदी हसायचं नाही. माझा मेव्हणा, म्हणजे तुमच्या मामीचा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करतो, ठाऊक आहे ना? त्याच्याच बाबतीत घडलंय हे. मागच्या डिसेंबरातला दुसरा शनिवार.

एका चार मजली ऑफिसातली लिफ्ट तपासायची होती. लोक घरी गेल्यावर, म्हणून रात्री. हे काम दोघांचं. एक जण वर मोटरपाशी, एक जण आत. पण जोडीदार तापाने फणफणलेला. मेव्हणा म्हणाला, "पाच मिनिटांचं तर काम," आणि गेला एकटाच. अतिशहाणपणा, दुसरं काय. साडेनऊला दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली. दिवा गेला. फोनला रेंज नाही. ओरडून ओरडून घसा बसला, पण ऐकणार कोण?

अशा वेळी लिफ्टचं जाळीचं दार उघडायचं नाही, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. पाय सटकला तर खाली थेट खड्डा. म्हणून गपचूप आतल्या धरायच्या दांडीला टेकून बसला. बरगडीला खाज सुटली, त्याने खाजवलं... आणि खुदकन हसला. गुदगुल्या झाल्या.

"त्यात काय, मामा?"

स्वतःला करून बघ. कर ना. होतात? नाही होत. बोट लागायच्या आधीच मेंदूला खबर असते, हात आपलाच आहे. गुदगुल्या परक्याच्या हाताने होतात.

त्याने पुन्हा बोट लावलं. पुन्हा हसू. पोट दुखेस्तोवर. मग घाबरून रडायलाच लागला.

आणि हात उठला. त्याने उचलला नव्हता. अंधारात जाळीकडे गेला. कडी चाचपू लागला...

मेव्हण्याने कमरेचा पट्टा काढला. डाव्या हाताने आणि दातांनी उजवा हात दांडीला करकचून बांधला. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

थोडा वेळ गेला. बरगडीला पुन्हा गुदगुल्या.

डावा.

आता बांधायला हातच उरला नव्हता. "नको रे," तो म्हणाला. स्वतःच्याच हाताला. "घरी तीन वर्षांची पोर आहे माझी..."

कडी वाजली. जाळी सरकली. खालून गार वारा...

पुढचं त्याला आठवत नाही.

सकाळी जोडीदार शोधत आला, त्याने लिफ्ट खाली घेतली. जाळी सताड उघडी. मेव्हणा जिवंत. दोन्ही हात दांडीला बांधलेले. उजवा पट्ट्याने. डावा बुटाच्या नाडीने.

मेव्हण्याच्या पायात चपला होत्या.