मधला क्रूस

चर्चच्या भट्टीवरचा म्हातारा फानूस बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी हिलानाच्या दारात एकदोन गोल पाव ठेवून जायचा. प्रार्थनेसाठी भाजलेले, पण क्रूसाचा शिक्का जरा वाकडा बसला म्हणून वेदीवर न गेलेले. "उम्म बाखूम, गरम आहे तोवर खा. नुसत्या कडू कॉफीवर माणूस जगत नाही," असं म्हणून तो खोकत खोकत उसाच्या वाटेला लागायचा. ती पाव खात नाही, हे त्या बिचाऱ्याला कुठलं ठाऊक!

पाव तिच्या मुलाच्या, बाखूमच्या, खोलीत जायचा. हिलाना कुलूप काढायची, मान फिरवून ताटली आत सरकवायची आणि दार पुन्हा लावून घ्यायची.

माणूस गेल्यावर तीन दिवस त्याचा जीव घरातच घुटमळतो आणि तिसऱ्या दिवशी अबूना, म्हणजे चर्चचे पाद्रीबाबा, पाणी आणि धूप घेऊन येतात, त्याचं नाव घेऊन खोल्याखोल्यांतून त्याला निरोप देतात, हे इजिप्तमधल्या मिन्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सिनाईतल्या चौकीवरून बाखूम आला तो झेंड्यात गुंडाळलेल्या, खिळे ठोकून बंद केलेल्या पेटीत. साऱ्या गावाने 'शहीद, शहीद' म्हणत ती खांद्यावरून नेली. आईला तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी अबूना मत्ताऊस त्या खोलीपाशी आले तेव्हा ती चक्क खोटं बोलली.

"चावी हरवली, अबूना."

"अगं, चावी हरवते, खोली थोडीच हरवते?" म्हणत अबूनांनी बाकीच्या घरात पाणी शिंपडलं आणि ते गेले. एवढा एक तरी माझा राहू दे, असं तिला वाटलं होतं. त्यात चूक काय होती?

पहिला पाव खाल्लेला दिसला तेव्हा ती आनंदाने रडली. कडेकडेने खाल्लेला होता. मधला क्रूस तेवढा शाबूत. पुढच्या वेळीही तसंच. बाखूम लहानपणी आधी मधला क्रूसच पोखरायचा, त्यापायी आजीच्या हातचा मारही खायचा. लष्करात जाऊन पोराला शहाणपण आलं, असं तिने मनाला समजावलं. दुपारी खोलीतून चटई घासल्याचा आवाज यायचा आणि जोरजोरात चाललेला श्वास. पोरगं साष्टांग घालून प्रार्थना करतंय, असं म्हणत ती बाहेर बसून मसूर निवडायची.

छत्तिसाव्या दिवशी रजब आला. बाखूमच्याच तुकडीतला, नाईलच्या डेल्टाकडचा, डावा हात गळ्यात बांधलेला. त्याने तिच्या हाताचं चुंबन घेतलं आणि बाकाच्या अगदी टोकाला बसला.

"मावशी, मी आज श्वास घेतोय तो तुमच्या बाखूमच्या जिवावर. आम्ही न्याहारीला बसलो होतो. एक माणूस आत घुसला, कमरेला बॉम्ब. आम्ही सगळे पुतळ्यासारखे बसून राहिलो. बाखूमने त्याला मिठी मारली आणि फरफटत बाहेर खड्ड्याकडे नेलं. तो चावत होता, लाथा मारत होता. पण ह्याने मिठी सोडली नाही, मावशी."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत." रजबने मान खाली घातली. "नंतर... वेगळं करता आलं नाही. जे मिळालं ते एकाच पेटीत भरलं. तो माणूस कोण, कुठला, कुणालाच कळलं नाही."

तेवढ्यात खोलीतली चटई घासली.

रजबच्या हातातली कॉफी सांडली. "आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"असाच आवाज होता," तो उठत म्हणाला. "त्याला ओढून नेताना अगदी असाच." आणि उरलेली कॉफी तशीच टाकून तो पोरगा अंगणातून जवळजवळ पळत गेला.

आपण इतके दिवस कुणाला जेवू घातलं? पुढच्या खेपेला तिने दोन पाव दोन ताटल्यांत ठेवले.

सकाळी एका ताटलीत मधला क्रूस उरला होता.

दुसऱ्या ताटलीत फक्त मधला क्रूस खाल्लेला होता.

ती दाराशीच खाली बसली. बाखूम तिथेच होता. आणि तो अजून त्या माणसाला धरून होता.

चाळिसाव्याची प्रार्थना आटोपून अबूना घरी कॉफीला आले. हिलानाने विचारलं, "अबूना, निरोप नाव घेऊनच द्यावा लागतो?"

"नाहीतर कुणाला देणार?"

"आणि नाव माहीत नसेल तर?"

"मग त्याला जा म्हणायचं तरी कसं?" अबूना हसले. तिचा चेहरा पाहिला आणि हसायचे थांबले.

आत श्वासांचा आवाज चालू होता. त्यातला एक आता फार दमलेला होता. आईला तो ओळखू आला. चौकीवर निदान पाळ्या तरी बदलत. इथे त्याच्या जागी कोण येणार होतं? चावी दिली तर काय होईल, हे तिला कळत होतं. तरी तिने गळ्यातली चावी काढली.

"सापडली," ती म्हणाली.

अबूनांनी चारी कोपऱ्यांत पाणी शिंपडलं. "बाखूम," ते म्हणाले, "शांतीने जा, लेकरा."

काहीतरी हलकं तिच्या गालाजवळून गेलं.

चटईचा आवाज थांबला.

त्या संध्याकाळी तिने दोन ताटल्या आत ठेवल्या, कुलूप लावलं, मनगटावर गोंदलेला क्रूस गालाखाली घेतला आणि ती आडवी झाली.

सकाळी फानूसच्या खोकल्याने तिला जाग आली. ती तडक खोलीकडे गेली. कुलूप जसंच्या तसं होतं. आतला पाव अख्खा, शिळा, कुणीही न शिवलेला. गेला माझा बाखूम, सुटला, म्हणून ती रडली.

मग तिच्या लक्षात आलं की आत ताटली एकच आहे.

दुसरी तिच्या अंथरुणावर होती, ती निजली होती त्या जागेच्या शेजारी. मधला क्रूस उरला होता. त्याच्या कडा अजून ओल्या होत्या.