समासातलं भांडण

वेल्ह्याच्या एसटीत शेजारच्या माणसाने पिशवीतून हिरव्या शाईचं पेन काढलं आणि नूतनचा पारा चढला.

हिरव्या शाईचा तिला रागच होता. भोरच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिची विद्यार्थिनी रत्ना वेल्ह्याची. भाताच्या जुन्या जातींवर पीएच.डी. करत होती. सात महिन्यांपूर्वी विद्यापीठाने पुण्याचे कुणी डॉ. स्वरूप सहमार्गदर्शक म्हणून जोडून दिले, आणि तेव्हापासून रत्नाच्या प्रत्येक कागदाच्या समासात नूतनच्या लाल शेऱ्याखाली हिरवा शेरा यायला लागला. तिने ‘ठेवा’ लिहिलं की खाली ‘काढा’. या गृहस्थांना तिने पाहिलं नव्हतं, आणि पाहायची हौसही नव्हती.

शेजाऱ्याने मांडीवर कागद पसरले. प्रकरण तिसरं. समासात तिचंच लाल अक्षर.

“दुसऱ्याचे कागद वाचू नयेत,” तो मान वर न करता म्हणाला.

“अक्षर माझं आहे.”

आता त्याने पाहिलं. शेऱ्यांवरून तिने साठीचा, आंबट तोंडाचा माणूस कल्पिला होता. हा चाळिशीच्या आतला, आणि डोळे चक्क हसरे. याचाही तिला राग आला.

“म्हणजे… लाल तुम्ही?”

“आणि काढा, काढा करणारे तुम्ही.”

विंझरच्या वळणावर खिडकीतून वारा शिरला, पान उडालं, आणि दोघांचे हात एकाच ओळीवर पडले — ‘फुलाबाई दाणा चावून भाताची जात सांगतात.’ भांडण याच ओळीचं होतं. हात कुणीच आधी काढेना.

“चावणं ही संशोधनाची पद्धत नाही,” तो म्हणाला.

“कधी चावून पाहिलंत?”

“तुम्ही पाहिलंत?”

तिने पाहिलं नव्हतं. ती उरलेला रस्ता खिडकीबाहेर बघत राहिली. त्याचा हात मात्र उबदार होता, हे तिला उगाचच आठवत होतं.

रत्नाने दोघांना एकाच दिवशी घरी बोलावलं होतं आणि एकमेकांचं सांगितलं नव्हतं. सोमवारी प्रबंध सादर करायची मुदत संपत होती. एकाच अर्जावर दोघांच्या सह्या झाल्या नाहीत तर तिची नोंदणी रद्द, सहा वर्षांची मेहनत पाण्यात. आणि हे दोघे तिच्या ओट्यावर, चपला काढायच्या आधीच पुन्हा त्या ओळीवर आले.

“बास करा,” रत्ना म्हणाली. एरवी ती शुद्ध बोलायची. आज रागाने ते सुटलं. “ती वळ म्या पाच येळा काढली अन् पाच येळा घातली. तुमी भांडा, लई भांडा, पर माज्या कागदावर न्हाई.”

तिने थोरल्या आत्याला, फुलाबाईंना, बाहेर आणून बसवलं. मोतीबिंदूमुळे त्यांना दाणा दिसतच नव्हता. पुढे भाताच्या चार वाट्या. स्वरूपने मुद्दाम वाट्यांची जागा बदलली. फुलाबाईंनी एकेक दाणा दाताखाली धरला.

“ह्यो आंबेमोहोर. ह्यो रायभोग. ह्यो कोळंबा.” चौथा त्यांनी थुंकून टाकला. “ह्ये इकतचं बी हाय. कुनी आनलं ह्ये?”

स्वरूपने वाट्या पुन्हा फिरवल्या. पुन्हा प्रत्येक दाण्याला तेच नाव. त्याने पेन काढलं आणि स्वतःचं ‘काढा’ स्वतःच खोडलं.

नूतनला हसू फुटलं.

“मॅडम, तुमी हसू नका,” रत्ना म्हणाली. “आत्याचं बोलनं तुमी सगळं पुस्तकी करून टाकलंत. सरांनी इचारलं व्हतं समासात, बाई अशा बोलतात का. तुमी काय लिवलंत? ‘संबंध नाही.’”

नूतनचे कान तापले. तिने तसंच लिहिलं होतं, आणि ते त्याने विचारलं होतं म्हणूनच लिहिलं होतं. तिने लाल पेन काढून फुलाबाईंची सगळी वाक्यं होती तशी करून दिली. मग अर्जावर आधी लाल सही झाली, खाली हिरवी.

दुपारी वेल्ह्याच्या स्टँडवर एसटीचा पत्ता नव्हता. दोघे बाकाच्या दोन टोकांना बसले होते.

“संपलं आता,” स्वरूप म्हणाला. “यापुढे शेरे नाहीत.”

सुटलोच की, असं तिला वाटायला हवं होतं. वाटला तो संताप.

“एक सांगू? कागद आले की मी… आधी तुमचे शेरे वाचायचो. रत्नाचं लिखाण नंतर. मार्गदर्शकाने असं वागणं चूक आहे.”

“साफ चूक आहे,” नूतन भडकून म्हणाली. “मीही तेच करत होते.”

पिशवीतून त्याने जुन्या मसुद्याचं एक रद्द पान काढलं, समासात काहीतरी लिहिलं आणि बाकावरून तिच्याकडे सरकवलं.

‘रविवारी भोरला यावं म्हणतो. भांडायला.’

सात महिन्यांत त्याच्या एकाही शेऱ्याखाली तिने होकार दिला नव्हता. एसटी स्टँडात शिरली, लोक उठले. नूतनने मांडीवरच पान धरलं, लाल पेन काढलं, आणि हिरव्या ओळीखाली लिहिलं — ‘मान्य.’

आणि सवयीने खाली सही केली, तारीख घातली.