वेल्मोराच्या धुऱ्यावर

रंजीताची आणि त्याची पहिली गाठ पडली ती उभ्या पिकातल्या एका अरुंद धुऱ्यावर. ती घोड्यावर, तोही घोड्यावर. शेताच्या कडेचा तो बांध एवढासा, की जेमतेम एक घोडा जाईल. दोन्ही बाजूंना कमरेइतकं पिवळंधम्मक पीक. कुणीतरी एकानं पिकात उतरून वाट द्यायला हवी होती. पण उतरेल तो कसला, आणि उतरेल ती कसली!

हे सगळं घडत होतं कॉम्प्युटरच्या पडद्यावर, बरं का. 'वेल्मोरा' नावाचा तो नवा गेम आदल्याच दिवशी आला होता. चेटकिणी, उडते सर्प, मोडके किल्ले, आणि जिकडे घोडा वळवाल तिकडे मोकळं जग. देशोदेशीची पोरंपोरी त्यात एकाच वेळी हुंदडत होती. सावली गावची रंजीता दिवसा मामाच्या मोबाईलच्या दुकानात काउंटर सांभाळायची आणि संध्याकाळी आपल्या चॅनेलवर नव्या गेमबद्दल बोलायची, तेही चक्क झाडीपट्टीच्या बोलीत. आज ती वेल्मोराचा पहिला व्हिडिओ रेकॉर्ड करत होती.

"पाहा बाप्पा, पाऊस गजब दाखवला हाय! पानावरून थेंब कसा घरंगळून राह्यला! पण वाघ... वाघ असा चालते का कुठी? हा तं लग्नातल्या पाव्हण्यासारखा चालून राह्यला!"

तिची एकच पंचाईत झाली होती. मागे दरोडेखोर लागले, की बाकीचे खेळाडू सरळ पिकातून घोडा घालून पळत. रंजीताचा हातच धजेना! धान पिकवणाऱ्या घरातली पोर ती. उभ्या धानात पाय टाकला की आजोबांचा धपाटा पाठीत बसलाच म्हणून समजा. पडद्यावरचं पीक खोटं आहे, हे का तिला कळत नव्हतं? पण सवय ती सवय. धुऱ्याधुऱ्यानं वळसा घालताना दरोडेखोरांनी तिला दोनदा गाठून मारलं होतं. आणि आता हा निळ्या अंगरख्याचा स्वार, तसाच धुऱ्यावरून येऊन तिच्यापुढे उभा ठाकलेला!

या गेममध्ये मैत्री झाल्याशिवाय बोलता येत नसे. फक्त हातवारे. रंजीतानं हातानं खुणावलं, मागे हो. त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला. तिनं पुन्हा खुणावलं. त्यानं पुन्हा नमस्कार केला... आणि मग काय केलं असेल? पिकाला धक्का न लावता घोडा उलट्या पावली चालवत थेट धुऱ्याच्या टोकापर्यंत नेला. दोनदा घोडा घसरला, दोनदा त्यानं सावरला. रंजीता रेकॉर्डिंग विसरून खो खो हसत सुटली.

टोकाला पोचताच, तिच्या घोड्यावर तरंगणारं देवनागरीतलं नाव वाचून असेल, त्याची मैत्रीची विनंती आली. तिनं ती घेतली, तशी खाली अक्षरं उमटली, "तुमच्याकडं बी धान असते वाटते?"

रंजीता खुर्चीतच ताठ झाली. अगं बाई, हा पोट्टा तर आपल्याकडचाच!

तो आरमोरीचा निघाला, नाव अश्विन. शिकून घरी आलेला, वडिलांच्या राइस मिलमध्ये मशीन पाहणारा. मग रोजची संध्याकाळ दोघांची झाली. चेटकिणीच्या मागे लागायचं सोडून दोघं नुसती भटकत. कधी डोंगरावर बसून खोटा सूर्यास्त बघ, कधी खोट्या पावसात एकाच झाडाखाली घोडे उभे कर. ती माईकवरून बोले, तो टाईप करी.

"तू बोलत काऊन नाई?" तिनं एकदा विचारलं. "माईक खराब हाय का?"

"माईक चांगला हाय. माणूस खराब हाय."

"मंग इथी घेऊन ये ना. सावलीच्या बस स्टँडसमोर दुकान हाय आमचं. सगळं दुरुस्त होते."

"माही वारंटी संपली."

"ते पाहणारीनं ठरवायचं असते!"

बोलून गेली खरी, पण मग एकटीच लाजली. बरं झालं, कॅमेरा बंद होता.

व्हिडिओ लोकांना आवडला. घोडा चांगला, पाऊस झकास, वाघ एकदम बोगस, असा तिचा निकाल होता. पण खाली सगळ्यांचा प्रश्न एकच. ताई, तो धुऱ्यावरचा पोट्टा कोण?

हाच प्रश्न तिच्या मैत्रिणीनं, रिनानं, जरा वेगळ्या सुरात विचारला. "काय वो, आजपर्यंत आवाज बी नाई ऐकला? माईक न लावणारा पोट्टा म्हणजे घरी बायको बसली असते, मांडीवर लेकरू असते!"

रंजीता हसली. पण ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं. कारण एव्हाना तिच्या मनानं त्याच्याकडे पुरती धाव घेतली होती. दुकानात चार्जर विकतानाही तिला संध्याकाळचे वेध लागत. आणि हा कोण, कसा, खरा की खोटा, हेच ठाऊक नाही! त्या संध्याकाळी तिनं विषय काढला. त्यानं टाळला. तिनं पुन्हा काढला, त्यानं घोडा नाचवून दाखवला. तिचा पारा चढला.

"हे पाह्य अश्विन, उद्या आवाज ऐकव. नाई ऐकवला, तं माह्या वाटेले येऊ नको!"

त्याचा स्वार तिच्यासमोर वाकला आणि दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वेल्मोरात पाऊस तसाच पडत होता, पण रंजीताला तो आता बघवेना. कशाला मेली ती धमकी दिली आपण! त्याचा आवाज ऐकायचा म्हणून हट्ट धरला, आणि होता तोही माणूस गमावून बसलो. ती मनापासून रडली. मग सकाळी नाक पुसून दुकानात गेली.

दुपारी ओळखीच्या कमलाबाई चार्जर घ्यायला आल्या होत्या. रंजीता फळीवरून खोके काढत होती, तोच गडचिरोलीकडची बस येऊन थांबली आणि एक तरुण रस्ता ओलांडून थेट काउंटरशी आला. सावळा, उंच, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. कपाळावर घाम.

"काय पायजे भाऊ?" रंजीतानं विचारलं.

त्यानं तोंड उघडलं. "र... र..."

"रिचार्ज?" कमलाबाईंनी मदत केली.

त्यानं मान हलवली. "रं..."

"रंगीत कव्हर! ते पाह्य, तिथी टांगले हायेत," पुन्हा कमलाबाईच.

त्याला हसू आलं. त्यानं डोळे मिटले, श्वास घेतला, आणि थेट तिच्याकडे पाहत म्हणाला, "रं... रंजीता. मी अ... अश्विन. मा... माईक सुरू करायले आलो."

तिच्या हातातलं खोकं काउंटरवर आपटलं. क्षणात सगळा उलगडा झाला. केवढ्या तोऱ्यात बोललो आपण याला!

"आधी काऊन नाई सांगितलं?"

"तू... तू बोलते तं पाणी वाहून राह्यल्यासारखी. मले वाटलं, ह... हसशील."

"मी कायले हसू रे!" म्हणताना तिचे डोळे भरून आले. "चुकलं माह्यं. अशी धमकी द्यायची नोहोती."

"दिली म्हणून तं आ... आलो ना!" तो हसला. हसताना त्याच्या गालाला बारीकशी खळी पडली, आणि ही खळी कुठल्याच गेमला जमली नसती असं तिला वाटून गेलं.

"अजून एक सा... सांगायचं हाय. मले... तू... आ... आ..."

कमलाबाईंच्या ओठांवर शब्द आलाच होता. त्यांना तरी काय दोष द्यावा, लहानपणापासून त्याचं प्रत्येक वाक्य असंच कुणी ना कुणी पुरं करत आलं होतं. रंजीतानं चटकन हात वर केला.

"नाई कमलाबाई. त्याचं त्याले बोलू द्या."

शब्द तर तिलाही कळला होता. पहिल्या अक्षरालाच कळला होता! पण तिनं तो त्याच्या तोंडून काढून घेतला नाही. बस निघून गेली. धूळ खाली बसली. तो थांबला, अडखळला, पुन्हा सुरुवात केली, आणि ती त्याच्या डोळ्यांत पाहत तशीच उभी राहिली.

"मले तू... आवडते."

म्हणालाच तो! सगळं वाक्य, त्याचं स्वतःचं.

आता पाळी रंजीताची. आणि पाहा गंमत, जी पोरगी वाघाच्या चालीवर तासभर बोलेल, तिला एक शब्द सुचेना! कानशिलं तापली. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

अश्विननं काउंटरवर कोपर टेकवलं. "बोल सा... सावकाश," तो म्हणाला. "मले घाई नाई."

"मले... मले बी," ती म्हणाली.

"मंग आता माह्यं चार्जर देते का नाई वो?" कमलाबाईंनी विचारलं.

रंजीतानं हाताला लागलं ते खोकं त्यांच्यापुढे सरकवलं. कमलाबाई दोन पावलं गेल्या, खोकं उघडून पाहिलं आणि ओरडल्या, "वो पोरी, हे तं ईयरफोन हाय!" पण ऐकायला तिथं होतं कोण!