पाचवं नाव

१९७१ सालची गोष्ट. त्या एप्रिलमध्ये हॉलंडमधल्या उत्रेख्तला पाऊस असा तिरका पडत होता, की सायकलवर छत्री उघडणं म्हणजे निव्वळ वेडेपणा. सीत्स्के चिंब भिजून वर्गात शिरली, ती दहाच्या ठोक्याला. आत चिटपाखरू नव्हतं. फक्त एक उंच, विसकटल्या केसांचा तरुण फळ्यावर काहीतरी लिहीत होता.

"जुन्या आयरिश भाषेचा वर्ग हाच ना?"

"हाच. पण तुम्ही विद्यापीठातल्या नाही."

"कशावरून?"

"इथं दहा म्हणजे सव्वादहा. ठोक्याला फक्त बाहेरची माणसं येतात." तो हसला. "मी लाम्बेर्त. इथं शिकवतो. माझ्या खोलीपेक्षा इथला हीटर बरा, म्हणून लवकर येतो."

ती उत्तरेकडच्या फ्रिस्लंड प्रांतातली, एका औषध कंपनीच्या कचेरीत टायपिस्ट. मंगळवारी सकाळी तिला सुट्टी असे, म्हणून नुसती ऐकायला आली होती. आईची फ्रिजियन भाषा बोलली म्हणून शाळेत तिनं टोमणे खाल्ले होते. आणि इथं एक डच माणूस, कुण्या आयरिश साधूनं हजार वर्षांपूर्वी पोथीच्या कडेला स्वतःच्या भाषेत खरडलेल्या ओळी जिवापाड जपत होता!

पुढच्या मंगळवारीही ती दहालाच आली.

"सांगितलं होतं ना, सव्वादहा?"

"विसरले..." ओला रुमाल पिळताना तिनं हसू लपवलं.

मग ती पंधरा मिनिटं दोघांचीच झाली. तो थर्मासमधली कॉफी ओतायचा, डबा उघडायचा, एक बिस्किट द्यायचा आणि डबा लावून टाकायचा.

"एकच?"

"डच आहे मी, चिक्कू असणारच!"

जूनमध्ये वरून पत्र आलं. सप्टेंबरपर्यंत पाच विद्यार्थी नोंदले नाहीत, तर वर्ग बंद. नोंदलेले होते चार.

"पाचवी मी," सीत्स्के म्हणाली. "नोकरी अर्धवेळ करीन."

"तू नको."

"का? मठ्ठ वाटते?"

"परीक्षा मी घेणार, सीत्स्के. मग मला तुझ्याशी फक्त क्रियापदांवर बोलता येईल. आणि मला तर—" त्याच्या बोटांत खडू मोडला. "दुसरंच बोलायचं होतं..."

"किती दिवस क्रियापदं?"

"दोन वर्षं."

तिनं अर्ज पुढे ओढला, नाव लिहिलं. "तुझ्यासाठी नाही हं. एखादी भाषा अशी पत्रानं बंद झालेली मला बघवणार नाही. थांबशील?"

"मी कुठं जातोय!"

दोन वर्षं ती सव्वादहाला आली आणि शेवटच्या बाकावर बसली. निकालाच्या दिवशी त्यानं कागद खाली ठेवला.

"उत्तीर्ण. आता मी तुझा परीक्षक नाही. माझ्याशी लग्न करशील?"

"आधी गुण सांग."

"दहापैकी सात."

"फक्त सात? इतकी वाट बघून?"

"आठ दिले असते, तर लोकांना संशय आला असता."

ती इतकी हसली, की होकार द्यायचाच राहिला. तो तिनं जिन्यात दिला.

वर्ग सुरू करणारे म्हातारे प्राध्यापक पुढच्या हिवाळ्यात वारले. बाकीच्या चौघांतला एक पाद्री झाला, दोघं शाळेत शिकवू लागले, चौथी डब्लिनला गेली ती तिकडचीच झाली. लाम्बेर्तनं तीस वर्षं शिकवलं. वर्गाचा विभाग झाला, खुर्च्या पुरेनाशा झाल्या. लाम्बेर्तला जाऊन आता सहा वर्षं झाली. त्या तीस वर्षांत सीत्स्केनं जुन्या आयरिश कथा फ्रिजियनमध्ये आणल्या. पहिली तिनं आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, "ही तर आपल्याच गावची वाटते गं."