घाटावरून आणलेलं वजन

ही गोष्ट मी उडत उडत ऐकलेली नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या घरात घडलेली आहे. ज्याला हसायचंय त्याने खुशाल हसावं. मामासुद्धा अशा गोष्टींना पोट धरून हसायचा.

आता हसत नाही.

साल एकोणीसशे शहाऐंशी. चैत्र संपत आलेला. गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या, काठचं एक गाव. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मामी अजून तिथेच राहते.

आणि आधीच सांगून ठेवतो. यात मध्यरात्र नाही, स्मशान नाही, पांढरी साडी नाही. जे झालं ते सगळं दिवसाउजेडी झालं. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

रायभानमामा साखर कारखान्यात हंगामी कामाला होता. हंगाम संपला की घरी. त्या वर्षी तो घरी आला आणि केवळामामीला टायफॉईड झाला. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. भाकरीचा वास आला तरी ती तोंड फिरवायची. पेज दिली की उलटी. हातातल्या बांगड्या सरकून कोपरापर्यंत जायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर माझं औषध तरी काय करणार?

मग एके दिवशी मामी स्वतःहून बोलली.

"मरळीचं कालवण आसंल तर दोन घास खाईन."

मामा ताडकन उठला. बायको खायचं म्हणाली, एवढं त्याला पुरे होतं.

पण मरळ आणायची कुठून? कोळ्यांची मासळी रेल्वेने परस्पर मोठ्या गावांना जायची. परभणीला जावं तर विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. आज मोर्चा, उद्या बंद, एसटी सुटली तर सुटली. राहता राहिला गावाखालचा डोह. त्या डोहात एक जुनी मरळ होती, मांडीएवढी. सगळ्या गावाने पाहिलेली, कुणाच्याच हाताला न लागलेली. मामाने गांडूळ लावलं, बेडूक लावला, कोंबडीची आतडी लावली. बाई ढुंकून बघेना.

पिंगळीचे माणिकराव मिलिटरीतून रिटायर झालेले. त्यांनी मामाला युक्ती सांगितली. त्यांचे साहेब लोक लाकडाच्या खोट्या मासोळीने मासे धरायचे. पाण्यातून ओढली की ती जित्या मासोळीसारखी पळते आणि मोठा मासा चिडून तिच्यावर झडप घालतो.

"पर पोटात शिसं घालावं लागतंय," माणिकराव म्हणाले. "न्हाईतर मासोळी आडवी पडती. आन् आडवी पडली म्हंजी मेली. मरळ मेल्याला तोंड लावत न्हाई."

झालं. मामाने पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणलं, मासोळी कोरली, गळ बसवला. घंगाळात सोडली तर आडवी. जुन्या फाटक्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या काढल्या, पळीत वितळवल्या, मासोळीच्या पोटाला गिरमिटाने भोक पाडून आत ओतल्या. आता ती दगडासारखी तळाला. शिसं कमी केलं तर पुन्हा आडवी. भोक पुढे पाडलं तर नाक खाली आणि शेपूट वर. एकदा शिसं इतकं तापलं की लाकूड जळून पाठीतून धूर निघाला.

मामा मुळातच तापट. त्याने एक मासोळी चुलीत घातली, एक भिंतीवर फेकून मारली.

"आगं, वीतभर लाकूड मला आयकंना!" तो ओरडायचा.

आतून मामीचा बारीक आवाज यायचा. "आवं... गावली का मरळ?"

त्या आवाजाने त्याचा राग जागच्या जागी विझायचा आणि तो पुन्हा चाकू घेऊन बसायचा.

शेवटी त्याला सुचलं. शिशाचे तुकडे आधी दोऱ्याने मासोळीच्या पोटाला बांधायचे आणि पाण्यात सोडून बघायचं. एक तुकडा काढ, एक घाल, असं करता करता मासोळी सरळ उभी राहिली. बरोबर पाण्याखाली, जित्या माशासारखी. मामाला नाचावंसं वाटलं. हे माप आता हातचं जाऊ द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं. मासोळ्या काय, गाळात अडकून जातात. प्रत्येक वेळी हा खेळ कोण करणार? त्याने डब्याच्या दोन झाकणांचा तराजू केला. तुकडे तर वितळून जाणार, म्हणून आता त्यांच्या तोलाचा एक दगड हवा होता.

दुसऱ्या दिवशी मामीच्या औषधाला गंगाखेडला गेला, तेव्हा घाटावर उतरला. खिशातून तराजू आणि शिशाचे ते तुकडे काढून दगड तोलत बसला. एक काळा, चपटा, गुळगुळीत दगड पारड्यात ठेवला आणि काटा जागेवर थांबला...

तंतोतंत.

दगड थोडा तेलकट लागला. कुणी अंघोळीला बसलं असेल, तेल सांडलं असेल. मामाने धोतराला पुसून खिशात टाकला.

आता मला सांगा, गंगाखेडच्या आसपास वाढलेल्या माणसाला घाटावरचा दगड उचलू नये हे सांगावं लागतं का? माणूस गेला की चितेपाशी एक खडा उचलतात. जीवखडा. दहा दिवस गेलेल्या माणसाचा जीव त्यात असतो म्हणतात. त्याच्यावर तेल घालतात, तिळाचं पाणी घालतात आणि दहाव्याला नदीत सोडतात. उन्हाळ्यात नदी आटली की त्यातले किती काठावर उघडे पडत असतील! मामाने स्वतःच्या बापाचा खडा याच घाटावर सोडलेला. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात फक्त शिसं होतं.

घरी आला. नवी मासोळी केली. भोक पाडून दिवसभर उन्हात वाळवली. दगडाच्या तोलाचं शिसं पळीत घेतलं, वितळवलं, ओतलं...

फट्!

शिसं उसळून मामाच्या मनगटावर आलं. ओल असली की शिसं असं उडतं. पण चैत्राच्या उन्हात ओल आली कुठून? त्याने भोकात काडी घालून बघितली.

काडी ओली.

फडक्याने कोरडं केलं. तापलेली तार घातली. पुन्हा ओतलं. पुन्हा फट्. पुन्हा काडी घातली. पुन्हा ओली. मामाने नाकाशी धरली तर शेवाळाचा वास. नदीचा.

शिव्या घालत, हात भाजून घेत, कसंबसं शिसं भरलं. पारड्यात घालून बघितलं, वजन बरोबर दगडाएवढं. मासोळी घंगाळात सोडली.

ती सरळ तळाला गेली.

तळाला जाऊन फिरली आणि दक्षिणेकडे तोंड करून थांबली.

मामाने तिला बाहेर काढून थोडं शिसं खरवडलं. बुडाली. आणखी खरवडलं. बुडाली. मग रागाने सगळंच शिसं उकरून काढलं. आता हातात नुसतं लाकूड होतं. पांगाऱ्याचं लाकूड, पोटात भोक पडलेलं. हे तर बुचासारखं तरंगायला हवं.

त्याने ते पाण्यावर ठेवलं...

बुडालं.

तरंग उठला नाही. आवाज झाला नाही. तळाला जाऊन पुन्हा दक्षिणेकडे तोंड.

मामाला वाटलं आपला तराजूच चुकतोय. त्याने दगड एका पारड्यात ठेवला, दुसरं रिकामं सोडलं.

दोन्ही पारडी बरोबरीत.

त्याने डोळे चोळले. रिकाम्या पारड्यात ज्वारीचा एक दाणा टाकला.

दाण्याचं पारडं खाली गेलं. दगडाचं वर...

तेवढ्यात शेजारची भिवराबाई मामीला ताक घेऊन आली. म्हातारीची नजर पारड्यावर गेली.

"रायभान, ह्या दगडाला तेल कुणी घातलं?"

"कुणी न्हाई. घाटावरून आणलाय. पुसला तरी तेलकटच व्हायलाय."

म्हातारीने दगड पदराने उचलून उलटा केला. खालच्या बाजूला काळे तीळ चिकटलेले. मामाने तो दगड राखेने घासला होता. त्याला तीळ दिसले नव्हते. तिच्या हातातला तांब्या खाली पडला.

"आरं मुडद्या, जीवखडा हाय ह्यो! कुणाचा तरी बाप हाय. आन् तू त्येच्यावर शिसं तोलायलास?"

मामाने तिला घंगाळाच्या तळाशी बसलेली, शिसं काढलेली मासोळी दाखवली.

"दिवस बुडायच्या आत ह्यो बी गंगंत सोड आन् ती मासोळी बी. त्यो त्या लाकडात शिरलाय. आन् मागं वळून बघू नगस."

आतून आवाज आला. "आवं... गावली का?"

मामा दगड आणि मासोळी घेऊन डोहावर गेला. सूर्य बराच वर होता. आधी त्याने दगड भिरकावला.

टुबुक् झालं नाही.

दगड पाण्यावर तरंगत होता. वाळलेल्या पानासारखा. वारा नव्हता, धार नव्हती, तरी हळूहळू काठाकडे येत होता. मामाच्या पायाला लागून थांबला. मामाने पुन्हा फेकला. पुन्हा आला.

आता राहिली मासोळी. ती नुसती सोडून द्यायची, एवढंच काम होतं.

पण मामाला कोपरापर्यंत सरकलेल्या बांगड्या दिसत होत्या. इतक्या दिवसांची खटपट, भाजलेले हात, जळलेली लाकडं, सगळं वाया जाणार होतं. मरळ समोर, मासोळी हातात, आणि ती फेकून देऊन रिकाम्या हाताने घरी जायचं? जाऊन केवळाला काय सांगायचं?

"एकदाच," मामा मोठ्याने म्हणाला. कुणाला म्हणाला, कोण जाणे.

त्याने मासोळीला तंगुसाची, नायलॉनची दोरी बांधली आणि फेकली.

पलीकडच्या मळ्यातलं इंजिन बंद पडलं. कावळे ओरडायचे थांबले. नदीवर असतो तो नेहमीचा बारीक आवाजसुद्धा गेला...

दोरी ताठ झाली.

हिसका नाही. धडपड नाही. मांडीएवढी मरळ, जिने गावातल्या सगळ्यांना झुलवलं, ती हाताला धरून आणल्यासारखी गुमान काठाला आली. मामाने तिच्या तोंडातून मासोळी सोडवली तशी ती लाकडी मासोळी पाण्यात निसटली.

आणि तरंगायला लागली. आडवी, हलकी, नुसतं लाकूड.

मामाने तिथेच मरळ चिरली. पोटात शिजलेला भात निघाला. भाताला काळे तीळ. नदीत पिंड सोडतात, मासे खातात, त्यात काय नवल, असं मामाने स्वतःला समजावलं. पण गंगाखेडचा घाट तिथून कोसभर वरच्या अंगाला, आणि नदी मध्ये आटलेली. भात मात्र आत्ताच उतरवल्यासारखा ऊन होता.

फेकून द्यावी का? एका क्षणापुरतं त्याच्या मनात आलं. फेकली नाही.

दगड परत पायाशी आलाच होता. तो खिशात घालून मामा घरी गेला.

मामीने दोन घास खाल्ले. मग ताट खाल्लं. मग पातेलं पुसून खाल्लं. मामा चुलीसमोर बसून रडला. बायको वाचली होती, आणि सगळे देव त्याला एकदम आठवले. मरळीच्या पोटात काय होतं, हे त्याने तिला सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामी उठून अंगणात आली. संध्याकाळी बाजेवर बसली आणि बाजेची दोरी तुटली.

मामाने नवी दोरी विणली. तीही तुटली. मामी तेव्हा काडीसारखी होती, हे लक्षात ठेवा. तिला उठवायला मामाने हात धरला, तर तिला जागचं हलवता येईना. सारवलेल्या अंगणातून ती चालली की पावलं खोल उमटायची, भरल्या बैलगाडीच्या चाकोरीसारखी.

अजूनही उमटतात. मी बघितली आहेत.

दगड मामाच्या देवळीत आहे. तेलकटच आहे. मामा अधूनमधून पारड्यात ठेवून बघतो. दगड अजूनही ज्वारीच्या दाण्यापेक्षा हलका. त्याचं वजन लाकडात गेलं, लाकडातून मरळीत गेलं, आणि मरळ कुणी खाल्ली हे मामाने मला वेगळं सांगितलं नाही. जीवखडा शेवटी कुठे सोडायचा असतो, हेही सांगितलं नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हापासून त्याने मामीला नदीवर जाऊ दिलेलं नाही. पर्वणी असो, पलीकडच्या काठाला कुणाचं लग्न असो, गुडघे दुखतात, उन्हं फार आहेत, काही ना काही सांगून अडवतो. धुणं तो स्वतः धुतो. गाव हसतं. मामा तापट होता म्हणून सांगितलं ना, आता कुणी कितीही हसलं तरी तो चिडत नाही.

गेल्या दिवाळीत मी गेलो होतो. मामी चांगली हसतमुख, गालावर तेज. मला मांडे वाढले. स्वतः ताट घेऊन बसली, दक्षिणेकडे तोंड करून. मी मामाकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

मामीने पहिला घास बाजूला काढून ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं. मामा म्हणतो, आल्यागेल्या प्रत्येकाला ती हेच विचारते.

"काय रे... गंगेला पाणी किती हाय आता? माणूस बुडंल एवढं हाय का?"