दोऱ्यापुढची गोष्ट

लिफ्टमध्ये एक माणूस फोनवर अगदी शांतपणे सांगत होता, "नाही, त्याला मारायलाच हवं. सूर्याच्या जवळ नेतो आणि संपवतो."

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. माझ्या हातात थर्मामीटरची पेटी, त्यामुळे पळायचीही सोय नव्हती. त्याने फोन ठेवला, मला पाहिलं आणि माझ्यापेक्षा तोच जास्त दचकला.

"अहो, तसं नाही... मी लेखक आहे. पाचव्या मजल्यावर, रेडिओवर. आमच्या विज्ञानमालिकेत इकारस नावाचा वैमानिक आहे, त्याचं चाललं होतं."

"इकारस? मेणाचे पंख लावून सूर्याजवळ गेला आणि समुद्रात पडला, तो? मग हा मरणार हे सगळ्यांना आधीच कळेल की."

"कळायलाच हवं. तीच तर गंमत आहे."

"आणि किती जवळ नेणार?"

"म्हणजे?"

"सूर्याच्या. यानाची काच कधी तडकेल ते अंतरावर ठरतं. आणि रेडिओवर काच तडकल्याचा आवाज तर काढावा लागेलच ना?"

तिसरा मजला आला. तिथल्या प्रयोगशाळेत मी दवाखान्यांचे आणि कारखान्यांचे थर्मामीटर तपासते. मी उतरले. पाचव्यावर जायचं सोडून तोही मागोमाग उतरला.

अशी मी त्या मालिकेची शास्त्रीय सल्लागार झाले. मालिका दर शनिवारी संध्याकाळी, थेट प्रसारित व्हायची. तिचा एक नियम होता. प्रत्येक पात्राचं नाव जुन्या कथांमधून घ्यायचं, आणि त्या नावाच्या वाट्याला आलेलं नशीब पात्रालाही द्यायचं. श्रोते फोन करून अंदाज सांगायचे, बरोबर अंदाजाला बक्षीस असायचं. रडारवरच्या कॅसांड्राला धूमकेतू दिसला, पण तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मेकॅनिक त्रिशंकू दोन ग्रहांच्या मध्ये कायमचा लटकला. छोटा नचिकेत कृष्णविवराच्या काठावर जाऊन प्रश्न विचारून परत आला, तेव्हा तर लोकांनी आनंदाने फोन जाम केले.

मग मालिकेत नवी मार्गदर्शिका आली. चंद्राच्या पोटात बोगद्यांचा भुलभुलैया, त्यात कॅप्टन उतरणार आणि ती यानात बसून त्याला वाट सांगणार.

"ही तुम्हीच करा," लेखक म्हणाला.

"मी? मला अभिनय येत नाही."

"म्हणूनच. ताप एकशे पाच असला तरी तुम्ही न घाबरता सांगाल. असाच आवाज हवाय, थर्मामीटरबाई."

"नाव काय तिचं?"

"अरिआद्नी."

ही राजकन्या मला शाळेपासून माहीत होती. भुलभुलैयात शिरणाऱ्या राजपुत्राला तिने दोऱ्याचा गुंडा दिला, म्हणून तो जिवंत बाहेर आला. मी "बरं" म्हटलं, आणि त्या दिवशी एकच थर्मामीटर दोनदा तपासला.

कॅप्टन तो स्वतःच होता. एका माइकच्या दोन बाजूंना आम्ही दोघं. प्रसारणाचा लाल दिवा लागला की तो मला "अगं" म्हणायचा, विझला की "अहो". "अगं, डावीकडे वळू का?" – "वळ. पण हळू." एवढंच बोलणं, पण कागदावरून नजर वर केली की तो माझ्याकडेच पाहत असायचा... आणि माझी ओळ चुकायची.

कुठलीही गोष्ट अर्धी सोडायची मला सवय नाही. एका रविवारी मी अरिआद्नीची कथा पुन्हा, शेवटपर्यंत वाचली. राजपुत्र तिला बरोबर घेऊन निघतो. वाटेत एका बेटावर ती झोपते. आणि ती झोपेत असतानाच तो जहाज हाकारून निघून जातो.

नियमाला आजवर एकही अपवाद नव्हता.

सोमवारी आवाजांचं काम बघणारी ताई म्हणाली, "त्याला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या स्टेशनवर नोकरी लागलीय. शेवटचा भाग झाला की दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने चाललाय. तुला बोलला नाही?"

नव्हता बोलला.

घरी आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "खालचा दुकानदारसुद्धा सांगत होता. तुला टाकून जाणार म्हणे तो."

"मला नाही गं आई, अरिआद्नीला."

"तेच ते," आई म्हणाली, आणि लाटणं जरा जास्तच जोरात फिरलं.

आठवडाभर मी पाचव्या मजल्यावर फिरकले नाही. शनिवारी शेवटच्या भागाला गेले, तेव्हा तो कॉरिडॉरमध्ये चहाचा कप धरून उभा होता. चहा केव्हाच निवला होता.

"नाव ठेवलंत तेव्हाच ठरवलं होतंत?" मी विचारलं.

त्याला कळलं. "नाही हो. तेव्हा मी दोऱ्यापर्यंतच वाचलं होतं."

"अर्धी कथा वाचून नाव ठेवलंत?"

"दोरा आवडला... आणि तुमची आठवण झाली. पुढचं नंतर वाचलं. तोवर निम्म्या शहराने फोन करून शेवट सांगितला होता. आता नियम कसा मोडू?"

"आणि उद्याच्या गाडीचं? तो पण नियमच का?"

"तुमचं काम इथे, आई इथे. विचारून काय... तुम्ही नाहीच म्हटलं असतं."

"ते मी ठरवलं असतं."

"चला रे, दोन मिनिटं!" ताईने दारातून हाक मारली.

लाल दिवा लागला.

कॅप्टन भुलभुलैयातून बाहेर आला. मी वाट सांगितली, आवाज एकदाही हलला नाही. यान एका ओसाड चंद्रावर उतरलं. थकलेली अरिआद्नी झोपली. इथून पुढे माझ्या कागदावर काहीच नव्हतं. ताई जाड कापडावरून सावकाश हात फिरवत होती, तोच माझ्या झोपेचा श्वास. खूप खरा वाटत होता.

"झोपली," कॅप्टन म्हणाला. त्याचा आवाज घोगरा होता. "हिला उठवायला नको. मी... मी निघतो."

एका पावलाचा आवाज. दुसऱ्याचा.

मी हात पुढे केला आणि ताईच्या हातावर ठेवला.

श्वास थांबला. शहरभरच्या रेडिओंवर शांतता पसरली. काचेपलीकडचा तंत्रज्ञ उभाच राहिला, दोन्ही हात डोक्यावर. ताईने माझ्याकडे पाहिलं, मग हळूच आपला हात काढून घेतला.

"मी जागी आहे," मी म्हटलं.

त्याने कागद खाली केला. त्याच्या कपाळावर घाम होता. थेट प्रसारणात शांततेचा प्रत्येक सेकंद किती लांब असतो, ते मला तेव्हा समजलं.

"अगं... तू झोपली होतीस," तो कसाबसा म्हणाला.

"नव्हते. तुझी पावलं ऐकत होते. न विचारता निघालास?"

"झोपलेल्याला विचारावं लागत नाही. नकार ऐकावा लागत नाही." हे त्याच्या कागदावर नव्हतं. "मी भित्रा कॅप्टन आहे."

"मग आता विचार. मी जागी आहे."

त्याने माइक दोन्ही हातांनी धरला. "येशील माझ्याबरोबर?"

माझा आवाज, देवाची कृपा, थर्मामीटर तपासणारीचाच राहिला. "लगेच नाही. इथली यंत्रं माझ्याशिवाय चुकीचं सांगतील. तू जा. पण दोरा सोबत ने. एक टोक माझ्याकडे राहील. मी तो ओढला की यायचं. आणि माझं इथलं काम झालं, की मी तोच धरून तुझ्यापर्यंत येईन."

"आणि मध्येच तुटला तर?"

"दोरा माझा आहे. तपासूनच देते."

तो हसला. रेडिओवर, कॅप्टनच्या भूमिकेत, चक्क खुदकन हसला. ताईने डोळे पुसत घाईघाईने यानाचं दार लावलं, म्हणजे कोपऱ्यातलं लोखंडी कपाट. संगीत सुरू झालं आणि लाल दिवा विझला.

मग सगळे फोन एकदम वाजायला लागले.

"आता बक्षीस कुणाला द्यायचं?" तंत्रज्ञ काचेआडून ओरडला. "एकाचाही अंदाज बरोबर नाही!"

एक फोन ताईने उचलला, ऐकला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुझी आई. विचारतेय, कॅप्टन जेवायला येणार का? गाडी सकाळची आहे म्हणते, वेळ आहे."

मी त्याच्याकडे पाहिलं. दिवा विझून बराच वेळ झाला होता. आता त्याने "अहो" म्हणायला हवं होतं.

"येतोस?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. मग पहिल्यांदाच, थर्मामीटरबाई नाही, अरिआद्नी नाही, माझ्या खऱ्या नावाने मला हाक मारली. अगदी साधं नाव आहे माझं. आजीने ऐकायला बरं वाटलं म्हणून ठेवलेलं. कुठल्याही पुराणात ते नाही, त्यामुळे पुढे काय होणार ते आधी वाचून ठेवायची सोय नव्हती.

"अगं," तो म्हणाला, "लिफ्टने जायचं की जिन्याने?"

"जिन्याने," मी म्हटलं. "तेवढाच जास्त वेळ लागेल."