चौथा ठिपका

रविवारी दुपारी सुप्रिया जळोचीच्या प्रयोगशाळेत आली ती फक्त कुंड्यांना पाणी घालायला. प्रयोगशाळा म्हणजे भाड्याचा बंगलाच. पुढच्या खोलीत टेबलं आणि काचेची भांडी, मागं बिनखिडकीची एक काळोखी खोली. द्राक्ष-डाळिंबांवर औषधाचे अंश राहिलेत का, हे बघायचं तिचं रोजचं काम. रविवारी तिथं चिटपाखरूही फिरकत नाही, म्हणून पायरीवर बसलेला म्हातारा बघून ती दचकली.

ते इंदापूरकडचे रामहरी तात्या. वांगी-टोमॅटो पिकवायचे, माल तपासायला वर्षातून दोनदा यायचे. आज मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत शीतपेयाची जुनी बाटली. तळाला तपकिरी पाणी.

"ताई, डॉक्टरांनी धाडलंय. माझी नात छकुली रानातल्या खोपीत खेळत हुती. तिनं ही बाटली तोंडाला लावली."

"काय आहे यात?"

तात्यांची मान खाली गेली. "त्येच तर ध्यानात न्हाय. पिकाचं टॉनिक हाय का किडीचं औषिद... मीच वतून ठिवलं हुतं. दोनीचा रंग सारकाच."

उरलेलं औषध फेकवत नाही, म्हणून हाताला लागेल त्या बाटलीत ओतून ठेवायचं, ही खोड काही एकट्या तात्यांची नाही. घरोघरी मातीच्याच चुली. सुप्रियाला राग आला होता, अगदी तोंडापर्यंत. पण आधी पोर वाचायला हवी, म्हणून तिनं तो गिळला आणि दवाखान्यात फोन लावला. पोर सध्या शुद्धीवर आहे, डॉक्टर म्हणाले, पण किडीचं औषध असेल तर तासाभरात चित्र पालटेल. रक्ताचा अहवाल यायचाय. बाटलीत काय आहे ते आधी सांगा.

तिनं पांढऱ्या लेपाची काचपट्टी घेतली. खालच्या कडेला पेन्सिलनं बारीक रेघ मारली. रेघेवर केसासारख्या काचनळीनं तीन ठिपके दिले. पहिला किडीच्या औषधाचा, दुसरा टॉनिकचा, तिसरा बाटलीतला. मग पट्टी बरणीत थोड्याशा द्रावणात उभी केली आणि झाकण लावलं. द्रावण पट्टीवर चढू लागतं आणि ठिपक्यांना सोबत घेतं. कुणी पट्टीला कमी चिकटतं ते वर जातं, कुणी जास्त चिकटतं ते खालीच रेंगाळतं. ज्याची जात सारखी, त्याची उंची सारखी.

"लई येळ लागंल?" तात्यांनी दारातून विचारलं.

"चढू दे त्याला. घाई केली तर खोटं बोलतं ते."

बंगल्यात फक्त भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. पट्टी वाळवून ती काळोख्या खोलीत गेली, दार लोटलं आणि जांभळा दिवा लावला. या दिव्याखाली पट्टी हिरवट उजळते आणि पदार्थ असतील तिथं काळे डाग उमटतात.

पहिला डाग वर होता. दुसरा खाली. तिसरा... तिसराही खाली, दुसऱ्याच्या अगदी रांगेत. टॉनिक! सुप्रियानं मोठा श्वास सोडला आणि तो अर्ध्यावरच अडकला. पट्टीच्या उजव्या कडेला, जिथं तिनं काहीच लावलं नव्हतं, तिथं चौथा डाग होता. वर. किडीच्या औषधाच्या उंचीवर.

बोट लागलं असेल, तिनं स्वतःला समजावलं. पण बोटाचा डाग असा गोल नसतो, आणि तो नेमका त्याच उंचीवर चढत नाही. मग वास आला, सडक्या लसणासारखा, किडीच्या औषधाचा. औषधाची कुपी तर बाहेर बंद कपाटात होती. आणि तिच्या खांद्याजवळ, अगदी कानाशी, कुणीतरी घोट घेतला. एक... मग आणखी एक. तहानलेलं माणूस पितं तसा, मोठा.

"तात्या... तुम्ही आत आलात का?"

"न्हाय ओ," उत्तर पायरीवरून आलं. "का वं?"

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. दार ढकलून बाहेर पळावंसं वाटत होतं. पण हा डाग खरा मानायचा की खोटा, हे ठरल्याशिवाय डॉक्टरांना काय सांगायचं? चुकीचं सांगितलं तर पोर जायची. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. तिनं हातमोजे बदलले, नवं पाकीट फोडलं, नवी पट्टी, नवी बरणी. मोजून तीनच ठिपके दिले, तेही तात्यांना समोर उभं करून.

"किती दिसतात?"

"तीन."

दुसऱ्यांदा ती तात्यांना घेऊनच आत गेली. जांभळा दिवा लागला. तिसरा डाग पुन्हा खाली, स्वच्छ, टॉनिकच्या शेजारी. आणि उजव्या कडेला चौथा, आधीपेक्षा गडद.

"आता चार हायत," तात्या हळूच म्हणाले.

चौथा कशाचाही असो, बाटलीतला ठिपका तिसराच होता. तिनं तिथूनच फोन लावला. "बाटलीत टॉनिक आहे, डॉक्टर. दोनदा बघितलं. विष नाही."

"आमचाही अहवाल आत्ताच आला. सगळं ठीक आहे. पोरीला भूक लागलीय म्हणे."

तात्या मटकन खाली बसले आणि उपरण्यात तोंड खुपसून पोरासारखे रडले. सुप्रियाचेही डोळे भरून आले. एवढं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तेवढ्यात तात्यांचा फोन वाजला. सुनेनं, श्रेयानं, पोरीकडं दिला होता.

"आबा, मला बिस्कुट पायजे."

"आणतू गं माझी बाय, पुडाच आणतू. पर पुन्ना बाटलीला हात लावायचा न्हाय, काय?"

"मी न्हायच लावला. मी आदी दुसरीच घेतली हुती. ती बाईनं काडून घेतली."

"कोण बाई?"

"खोपीतली. ती म्हनली, ही तुजी न्हाय, ही माजी. आन् मला ही दिली, आन् ती तिनं समदी पिली."

तात्यांनी फोन ठेवला.

"खोपीत बाटली एकच हुती, ताई," ते म्हणाले. "आन् बाईमाणूस तर त्या रानात कोण न्हाईच..." त्यांनी चौथ्या डागाकडं बोट केलं. "ह्यो कशाचा हाय?"

"किडीच्या औषधाचा."

तात्यांनी दोन्ही हात जोडले, पट्टीला. मग प्यायला म्हणून पाणी मागितलं, पण ग्लास तोंडाला न लावता पट्टीशेजारी ठेवला. "कोण हुती न्हाय ठावं. पर घसा जळत आसंल तिचा," ते म्हणाले आणि नातीकडं निघून गेले. सुप्रियानंही कुलूप लावलं.

सोमवारी सकाळी तिनं काळोखी खोली उघडली. ग्लास अर्धा झाला होता आणि उरलेल्या पाण्याला लसणाचा वास येत होता. एक थेंब पट्टीवर लावला असता तर कळलं असतं. काचनळी तिनं हातात घेतलीसुद्धा. मग ती परत ठेवली, माठातलं ताजं पाणी आणलं आणि ग्लास काठोकाठ भरून दार हलकेच ओढून घेतलं.